आपत्तीचं उद्घाटन

आमच्या कारखान्यातला संगणक कधीही बंद करायचा नाही, असा नियम होता. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण शिपायापासून एम.डी. साहेबांपर्यंत सगळे तो पाळत, कारण एकदा बंद केला तर तो पुन्हा उठेल याची खात्री कुणालाच नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत तो चालू, कामगारांच्या संपात चालू, हंगाम संपल्यावर ऐन उन्हाळ्यात गेटला कुलूप असतानाही चालू. वीज गेली की जनरेटर आधी त्याच्या खोलीला मिळायचा आणि मग साहेबांच्या पंख्याला. त्यामुळे साहेब संगणकावर मनातून डूख धरून होते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

निरगुडसर आणि लोणीच्या मधल्या माळावर आमचा हा छोटा सहकारी खांडसरी कारखाना होता. खांडसरी म्हणजे साखर कारखान्याचंच धाकटं भावंड. ऊस तोच, राजकारण तेच, साखर तेवढी जरा पिवळट. पारगावच्या मोठ्या कारखान्याशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि तो मोडीत निघून आता बरीच वर्षं झाली. मी तिथं संगणकावर कामाला होते. मंचरला टायपिंग आणि डॉसचा कोर्स केलेली लोणीची पोरगी, एवढंच माझं भांडवल, पण त्या पंचक्रोशीत तेवढं पुरेसं होतं.

संगणक नव्वदीच्या सुरुवातीला आला. त्याचा प्रोग्रॅम पुण्याच्या एका मुलानं लिहिला होता. तो मुलगा पुढं अमेरिकेला गेला आणि प्रोग्रॅममधल्या चुका आमच्याकडं ठेवून गेला. शेतकऱ्याला उसाच्या नोंदीची पावती छापून मिळायची. तिच्यावर नाव यायचं, गाव यायचं, क्षेत्र यायचं, ‘लागणीची तारीख’, म्हणजे ऊस लावल्याची तारीख, हे शब्द यायचे आणि तिथं कागद संपायचा. खुद्द तारीख छापली जायची ती प्रिंटरच्या रबरी रुळावर. तारखांवर तारखा बसून रूळ काळा ठिक्कर पडला होता. मी तक्रार केली की शेतकी अधिकारी म्हणायचे, “तारीख मशीनमधी हाय ना? मग झालं तर.”

आणि सगळा खेळ त्या तारखेवरच होता. ज्याची लागण आधी, त्याचा ऊस आधी तोडायचा, हा तोडीचा क्रम. ऐकायला सोपं वाटतं, पण संगणक यायच्या आधी हा क्रम शेतकी खात्याच्या एका मुकादमाच्या डोक्यात असायचा, आणि त्याच्या डोक्यात कुणाचं लग्न कुणाच्या घरात झालंय याचीच माहिती जास्त. संचालकांच्या भाच्याचा कोवळा ऊस मार्गशीर्षात गाडीत चढायचा आणि बाकीच्यांचा वाळेपर्यंत उभा राहायचा. संगणकानं ही सोय मोडली. तारीख घातली की तो निमूटपणे यादी लावायचा. त्याला कुणाचं लग्न माहीत नव्हतं.

माझे आप्पा, म्हणजे वडील, याच भरवशावर उसात पडले. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. आजोबांचं निम्मं आयुष्य वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, हिंडण्यात गेलेलं. आप्पांनी फिरणं सोडलं, थोडी मेंढरं ठेवली, विहीर खोल केली आणि बाजरीच्या रानात पहिल्यांदा ऊस लावला. लोणीच्या बाजूला पाणी बेताचंच. आमची विहीर संक्रांतीनंतर तळ दाखवायची. हा ऊस दीड वर्षाचं पीक; पहिला उन्हाळा विकतच्या पाण्यावर कसाबसा निघाला असता, दुसरा नाही. म्हणजे ऊस पुढच्या वर्षीच्या संक्रांतीच्या आत तुटला तर तुटला, नाहीतर उभा जळायचा. म्हणून आप्पांनी आषाढ लागला त्याच आठवड्यात, सगळ्यांच्या आधी लागण उरकली. मी स्वतः त्यांची तारीख मशीनमध्ये घातली. ते माझ्या मागं उभं राहून पडद्याकडं बघत होते. “तुज्या मशीनला भावकी न्हाई,” ते म्हणाले, “म्हनून मला लई बरं वाटतं.”

दोन हजार साल उलटून गेलं आणि कारखान्याला कर्ज देणाऱ्या बँकेला अचानक आमच्या संगणकाची काळजी वाटायला लागली. उद्या आपत्ती आली तर काय कराल, याचा लेखी आराखडा द्या, असं पत्र आलं. मला आनंद झाला. आता नवा संगणक येणार, निदान जुन्यातली माहिती नव्या ठिकाणी हलवता येणार, असं मला वाटलं. माझं वय लहान होतं. साहेबांनी नवा संगणक आणला नाही, पुण्याहून एक सल्लागार आणला. तो दुपारी आला, आमच्या गेस्ट हाऊसला जेवला, संगणकाच्या खोलीत दारातून डोकावला आणि पंधरवड्यात एक जाड बाड पाठवून दिलं. त्याचं नाव ‘डिझास्टर रिकव्हरी प्लॅन’. कारखान्यात सगळे त्याला नुसतं ‘डिझास्टर’ म्हणायचे.

डिझास्टर कुठल्याशा मुंबईच्या बँकेच्या आराखड्यावरून उतरवलेलं होतं, हे वाचताक्षणी कळत होतं. समुद्राला उधाण आल्यास तळमजल्यावरची यंत्रणा वरच्या मजल्यावर हलवावी, असं त्यात होतं. आम्हाला समुद्र नव्हता हे एक, आणि वरचा मजलाही नव्हता. आपत्तीच्या काळात लिफ्टचा वापर टाळावा, असंही होतं. ते मात्र आम्ही काटेकोरपणे पाळत होतो. परदेशी पाहुण्यांना आधी बाहेर काढण्याची जबाबदारी माझ्या नावावर होती. आणि सगळ्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की, कुठल्याही आपत्तीनंतर चार तासांत यंत्रणा पूर्ववत चालू होईल.

मी साहेबांकडं गेले. म्हटलं, “सर, या संगणकाचा साधा कीबोर्ड बिघडला तर पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडावं लागतं. चार तासांत काय चालू करणार?”

साहेब म्हणाले, “मॅडम, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता.”

त्या बाडात एक कलम होतं, कागदाचा साठा हा आगीचा धोका आहे, तो कमी करावा. हे कलम साहेबांना एकदम पटलं, कारण ते अंमलात आणायला खर्च नव्हता. गावोगावहून आलेले नोंदीचे अर्ज, शेतकऱ्यांच्या सह्या-अंगठ्यांचे, लागणीच्या तारखा हातानं लिहिलेले, गोडाऊनमधून काढून रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरले गेले. मी आडवी गेले, तर शेतकी अधिकाऱ्यांनी मला समजावलं की सगळं मशीनमधी हाय. बँकेला कळवलं गेलं की आगीचा धोका टळला.

शहाणपणाची एक गोष्ट त्या बाडात चुकून राहिली होती. माहितीच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि दोन्ही कधीही एका ठिकाणी असू नयेत. एक प्रत माझ्या कपाटात, दुसरी जुन्नरला, आमच्या विभागीय ऑफिसच्या कपाटात. ही प्रत म्हणजे माहिती साठवायची फ्लॉपी, जुन्या पद्धतीची, मोठी, हातात वाकणारी. मधल्या खाचेतून आतली काळी चकती उघडी दिसायची. ती मी नेमानं भरून जीपबरोबर जुन्नरला पाठवायचे. आराखड्यात जुन्नरच्या ऑफिसाला ‘पर्यायी संगणक केंद्र’ म्हटलं होतं. एकदा मी स्वतः ते बघायला गेले. बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली. कपाट होतं, टेबल होतं, टेबलावर संगणकावर घालतात ते प्लॅस्टिकचं कव्हर व्यवस्थित घातलेलं होतं. कव्हर उचललं तर खाली शेंगा वाळत घातलेल्या. तिथला कारकून लाजला नाही. “कव्हर आलंय, मशीन यायचंय,” तो म्हणाला आणि मला मूठभर शेंगा दिल्या. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “येणारच आहे. तुम्ही रिपोर्टमध्ये ‘उपलब्ध’ असंच टाका.”

मग बँकेनं विचारलं, आराखड्याची रंगीत तालीम केली का? आणि इथं आमचे चेअरमन साहेब जागे झाले. चेअरमन मोठे बागायतदार, बोलायला गोड, आणि नारळ फोडल्याशिवाय कारखान्यात खिळासुद्धा ठोकू न देणारे. त्यांनी तालमीसाठी खंडेनवमीचा दिवस ठरवला. त्या दिवशी तशीही सगळ्या यंत्रांची पूजा असते; ऊस टाकायच्या गव्हाणीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हार पडतात. एका मांडवात दोन्ही कार्यक्रम उरकणार होते. निमंत्रणपत्रिका छापल्या. “डिझास्टरला या बरं का, पावणं,” असं लोक एकमेकांना सांगत होते.

आदल्या दिवशी चेअरमन साहेबांनी मला बोलावलं. “बाई, पूजा अर्धवट नको. तुमच्या त्या फ्लॉप्या सगळ्या ताटात मांडा. जुन्नरच्या बी आना.”

मी म्हटलं, “साहेब, त्या एकत्र आणायच्या नाहीत. आराखड्यातच लिहिलंय.”

“आवो, देवापुढं ठेवायच्यात. देवापुढं कशाला काय व्हतंय?”

एम.डी. साहेबांनी माझ्याकडं बघून डोळे मोठे केले आणि जीप जुन्नरला गेली. तोडीची यादी छापायची अजून बाकी होती. शेवटच्या नोंदी आल्या की दसऱ्यानंतर छापू, असं ठरलेलं. म्हणजे त्या दिवशी सगळ्या शेतकऱ्यांच्या तारखा एका जुनाट मशीनमध्ये आणि त्याच्यासमोरच्या एका पितळी ताटात होत्या. बाकी कुठंही नव्हत्या. आणि मी साडी सारखी करत उभी होते.

माझ्या लेखी कार्यक्रमात स्पष्ट लिहिलं होतं की, ‘संगणक बंद पडला आहे असे समजावे’. पण सूत्रसंचालनाला हायस्कूलचे एक गुरुजी बोलावले होते, आणि नुसतं समजायला त्यांना जमेना. चेअरमन साहेबांच्या शुभहस्ते काहीतरी व्हायलाच हवं. त्यांनी माइकवर जाहीर केलं, “आता मान्यवरांच्या शुभहस्ते संगणक बंद होईल!” टाळ्या पडल्या. आधी नारळ. तो फोडायला दगड ठेवला होता तो बरोबर ताटाच्या शेजारी. चेअरमन साहेबांचा हात जड. नारळाचं पाणी ताटात उडालं, त्यावर भटजींनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, उदबत्तीची राख पडली. फ्लॉपीच्या उघड्या खाचांत लाल-पिवळा चिखल झाला. मी पुढं सरले, तोवर चेअरमन साहेबांनी संगणकाचं बटण दाबलं.

इतकी वर्षं खोलीत भरून असलेली घरघर थांबली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी ताट उचलायला वाकले.

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, फ्लॅश उडाला न्हाई. परत एकदा.”

मी ओरडले. खरंच ओरडले, “नको!” पण फोटो म्हटल्यावर आमच्याकडं कुणी कुणाचं ऐकत नाही. चेअरमन साहेबांनी बटण चालू केलं, मशीननं कण्हल्यासारखा आवाज काढला, त्यांनी लगेच बंद केलं. शेतकी अधिकारी फ्रेममध्ये यायचे राहिले होते, म्हणून पुन्हा चालू, पुन्हा बंद. शेवटी फोटो छान आला. मशीन मात्र त्यानंतर उठलं नाही. आत काहीतरी किरकिर करत अडकायचं आणि पडदा काळाच राहायचा.

आणि मग आराखडा सुरू झाला, कारण आता खरोखरच आपत्ती आलेली होती. पहिली पायरी, संगणक पुरवणाऱ्या कंपनीला फोन करणे. फोन पुण्यातल्या एका बाईंनी उचलला. त्या पोळी-भाजी केंद्र चालवत होत्या. कंपनी बंद पडून जमाना झाला, असं त्यांनी सांगितलं आणि डबा हवा का विचारलं. दुसरी पायरी, सल्लागार. त्याचा मोबाईल कव्हरेजच्या बाहेर. तिसरी पायरी, पथकानं पर्यायी केंद्रावर जाणे. मी म्हटलं, “सर, तिथं शेंगा आहेत.” तरी आम्ही गेलो. मी, एम.डी. साहेब, शेतकी अधिकारी आणि माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेल्या ओल्या फ्लॉपी. नारायणगावात टोमॅटोच्या गाड्यांत अडकलो, तेव्हा साहेब सारखे घड्याळ बघत होते. जुन्नरला पोचलो. कव्हर होतं तिथंच होतं. साहेबांनी ते उचलूनही बघितलं नाही. “पथक वेळेत पोचलं, असं लिहा,” ते म्हणाले आणि चहा मागवला.

रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की सर्व टप्पे यशस्वीरीत्या पार पडले. फ्लॉपी मी पुण्याला दोन-तीन ठिकाणी दाखवल्या. एका दुकानदारानं त्या हुंगून विचारलं, “प्रसाद आहे का?” बँकेचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते काचेच्या फ्रेममध्ये घालून संगणकाच्या खोलीत, त्या मेलेल्या संगणकाच्या बरोबर वर टांगलं. मी रोज त्याच्याखाली बसायचे.

तोडीची यादी मात्र लागायलाच हवी होती. कमिटी नेमली. प्रत्येकानं येऊन आपली लागणीची तारीख सांगायची आणि कमिटीनं ‘खातरजमा करून’ ती लिहून घ्यायची. त्या आठवड्यात मला कळलं की आमच्या भागातले झाडून सगळे वजनदार लोक आषाढाच्या पहिल्याच दिवशी लागण करतात. एकाच दिवशी एवढं बेणं आणि एवढे मजूर कुठून आले, हे कुणी विचारलं नाही. एका संचालकांच्या रानात त्या आषाढात कांदा पडलेला होता, तो मी येताजाता डोळ्यांनी पाहिलेला. त्याच रानातल्या उसाचा नंबर पहिल्या पानावर आला.

आप्पा धुतलेलं धोतर नेसून आले. कमिटीसमोर उभे राहिले. शेतकी अधिकाऱ्यांनी विचारलं, “बाबा, पुरावा काय?”

आप्पांनी पावती पुढं केली. तिच्यावर ‘लागणीची तारीख’ होतं आणि पुढं कोरा काठ.

“तारीख माज्या पोरीनं मशीनमधी घातलीया,” आप्पा म्हणाले. “ही काय, हितंच बसलीया. तिला इचारा की.”

मी उठून तारीख सांगितली. वार सांगितला. त्यांच्यामागं उभं राहून टाईप केल्याचं सांगितलं... नाही, ते माझ्या मागं उभे होते. बोलताना माझी गडबड उडाली, इतका राग आला होता. अधिकारी मान हलवत हसले. “मॅडम, तुमचं सांगणं कसं धरायचं? तुम्ही त्यांच्या घरच्या. उद्या लोक म्हणतील, ऑफिसात आपल्या मानसाचं काम केलं.” हे बोलताना त्यांच्या शेजारी बसून यादी लिहीत होते ते चेअरमन साहेबांचे सख्खे मेहुणे. पुरावा नसलेल्या सगळ्यांची लागण सरसकट भाद्रपदातली धरावी, असं कमिटीनं ठरवलं होतं. आप्पांचा आषाढ माझ्यादेखत भाद्रपद झाला.

मी त्या दिवशी भांडले. साहेबांशी, अधिकाऱ्यांशी, मेहुण्यांशीसुद्धा. नोकरी जायची वेळ आली, तेव्हा आप्पाच मला बाहेर घेऊन गेले. दुसऱ्या कारखान्याला ऊस द्यावा, तर तिथं नोंद नाही, आणि बिननोंदीचा ऊस कुणी घेत नाही. संक्रांत झाली, विहिरीनं तळ दाखवला. उसाला तुरे आले, पानं करकरीत वाळली. ऊसतोडीची टोळी आली तेव्हा चैत्र निम्मा सरला होता. टोळीच्या मुकादमानं एक कांडं मोडून बघितलं, आतून पोकळ. “भाऊ, ह्यात काय तोडायचं? चिपाडंच झाल्यात की,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर वाईट वाटल्याचं होतं. आप्पा बांधावर उभे होते. शिव्या देतील असं मला वाटलं, त्यांनी दिल्या नाहीत. मला तेच सहन झालं नाही. मीच दिल्या, टोळीतल्या बायकांनी वळून बघावं अशा.

पुढच्या वर्षी आराखड्याची सुधारित आवृत्ती निघाली. तालमीतून शिकलेला धडा म्हणून एकच कलम नवीन होतं. पूजेसाठी स्वतंत्र पाटाची व्यवस्था करावी. ते बाड नीट वाचून चुका काढायला माझ्याकडं दिलं आणि मी ते रविवारी घरी नेलं. अंगणात बसले होते. आप्पा मेंढराच्या पायातला काटा काढत होते. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, “ह्येच का ते?” आणि म्हणाले, “वाच की. मला बी कळू दी.”

मी वाचून दाखवलं, पहिल्या पानापासून. ते काटा काढता काढता ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी मेंढरू सोडून दिलं होतं आणि ते हात झटकत होते.

“ह्यात ऊस कुठं आला?”

मी पानं उलटली. उगाचच उलटली, मला माहीत होतं. “नाही आला.”

“तोडीचा नंबर?”

“तोपण नाही.”

“मंग संकट आल्यावर तुमी वाचवनार काय व्हता?”

“मशीन,” मी म्हणाले.